गवत कापायच्या मशीनचं पातं: काढणं, धार, तोल आणि पुन्हा बसवणं

लॉन कापल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आधी बाहेर जा. वाकून गवताचं एक पान तोडा आणि त्याचं कापलेलं टोक डोळ्यांजवळ धरून बघा. टोक सरळ आणि हिरवं असेल तर पातं ठीक आहे, आज काही करायला नको. टोकाला पांढरट दोरे सुटले असतील, फाटलेल्या कापडाच्या काठासारखं ते दिसत असेल, तर तुमचं पातं गवत कापत नाहीये, ओरबाडतंय.

फाटलेलं टोक लवकर वाळतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एका दिवसात अख्ख्या लॉनवर राखाडी-तपकिरी झाक येते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. मग पाणी वाढवतात, युरिया टाकतात, आणि दोष तिकडे मशीनच्या पोटात तसाच राहतो. म्हणून खर्चाची कुठलीही गोष्ट करण्याआधी ते एक पान तोडून बघा.

आमच्या लेआउटमधल्या बऱ्याच मशीन दुरुस्तीला माझ्या अंगणात येतात. त्यांत एक गोष्ट मला सतत दिसते. धार लावताना माणसं फारशी चुकत नाहीत. चुकतात ती धार लावायच्या आधी आणि लावल्यानंतर. मशीन बंद न करता हात आत जातो, वाकलेलं पातं न तपासता घासलं जातं, तोल कुणी पाहत नाही आणि शेवटी पातं उलटं बसतं. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. एकही गाळू नका.

आधी मशीन ओळखा

घरगुती मशीन दोन प्रकारच्या. एकीत खाली पंख्यासारखं एकच आडवं पातं गरगर फिरतं. ती विजेची, बॅटरीची किंवा पेट्रोलची असते. दुसरी हाताने ढकलायची. तिच्यात पिळदार पात्यांचं रीळ असतं आणि ते खालच्या एका स्थिर पात्याला घासून कात्रीसारखं कापतं. या दोघींची देखभाल पूर्ण वेगळी आहे. टप्पा १ ते ९ पहिल्या प्रकारासाठी आहेत. रिळाच्या मशीनचं शेवटी लिहिलं आहे, आणि रीळवाल्यांनी थेट तिथे जावं. आडव्या पात्याची रीत रिळावर वापरली तर रीळ कायमचं खराब होतं.

टप्पा १: सामान आधी मांडून ठेवा

मशीन आडवी केल्यावर पाना शोधायला घरात जाणं, हीच अपघाताची सुरुवात असते. हे सगळं हाताशी घ्या:

- बोल्टच्या मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना. स्क्रू पाना नको, त्याने बोल्टची डोकी गोल होतात.
- चामड्याचे जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. चपलेवर हे काम करू नका.
- दीड-दोन फुटांचा लाकडी ठोकळा.
- १० इंची सपाट कानस, तारेचा ब्रश, खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी.
- पातं पकडायला व्हाइस. व्हाइस नसेल तर मजबूत टेबल आणि दोन क्लॅम्प.
- एक खिळा, खडू किंवा रंग, मोजपट्टी, थोडं इंजिन ऑइल.

कानस आणि पाने इतवारीतल्या लोहाओळीत एकाच फेरीत मिळतात. कानस घेताना स्वस्तातली घेऊ नका. चांगली कानस घरच्या वापरात अनेक वर्षं पुरते, आणि बोथट कानस पात्यावर नुसती घसरत राहते.

टप्पा २: मशीन पूर्ण निर्जीव करा

विजेची मशीन असेल तर नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पिन सॉकेटमधून काढा आणि वायर गुंडाळून अशी ठेवा की पिन तुमच्या नजरेसमोर राहील. बॅटरीवाली असेल तर बॅटरी आणि सुरक्षा चावी दोन्ही काढून खिशात ठेवा. पेट्रोलवाली असेल तर स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा आणि प्लगपासून लांब वळवून ठेवा. पेट्रोल इंजिनचं पातं हाताने फिरवलं तरी इंजिन एखादा झटका देऊ शकतं, आणि बोटांसाठी एक झटका पुरतो.

> सावध: "लाइन गेली आहे, तोवर खालचं गवत काढून घेतो" हे वाक्य मी माळीकाम करणाऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं आहे. लाइन सांगून परत येत नाही. त्यातून बऱ्याच मशीनच्या ढकलायच्या दांड्यावरचा दाबून धरायचा खटका टेपने किंवा तारेने कायमचा बांधून टाकलेला असतो. अशा मशीनखाली हात घातलेला असताना वीज आली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. ती टेप आधी काढा. दाब सोडला की पातं थांबावं, यासाठीच तो खटका दिलेला आहे.

टप्पा ३: पातं जागेवर असतानाच वाक मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पातं काढल्यावर तो करता येत नाही.

मशीन आडवी करायची, पण कुठल्या कुशीवर हे महत्त्वाचं. पेट्रोल मशीन कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू नेहमी वर हवी. उलट कलंडवली तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग मशीन सुरू होत नाही, किंवा झाली तर सायलेन्सरमधून पांढरा धूर ओकत राहते. पेट्रोलची टाकी शक्यतो रिकामी होत आली असतानाच हे काम काढा. विजेच्या मशीनला ही अट नाही, फक्त मोटरच्या जाळीत माती जाऊ देऊ नका. खाली पोतं अंथरा.

आता हातमोजे घाला. पात्याचं एक टोक बाहेरच्या पत्र्याच्या कडेवर एका ठिकाणी आणा आणि तिथे खडूने खूण करा. मशीनच्या खालच्या कडेपासून पात्याच्या टोकापर्यंतची खोली मोजा. मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच खुणेवर आणा आणि पुन्हा मोजा.

> तपासा: दोन मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलं आहे, नाहीतर ते ज्यावर फिरतं तो दांडा. वाकलेल्या पात्याला धार लावायची नाही, ते बदलायचं. नवं पातं बसवूनही फरक राहिला तर दांडा वाकला आहे, आणि ते काम मेकॅनिकचं.

वाकलेलं पातं ऐरणीवर ठोकून सरळ करून देणारे भेटतात. त्यांना देऊ नका. ठोकलेल्या ठिकाणी पोलादात बारीक तडे पडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फिरताना पातं तिथेच तुटतं. तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंगही करायचं नाही.

टप्पा ४: पातं काढणं

आधी मोबाइलवर दोन फोटो काढा. एक पूर्ण पात्याचा आणि एक मधल्या बोल्टचा, वायसर कसे बसलेत ते दिसेल असा. मग पात्याच्या जमिनीकडच्या बाजूवर रंगाने ठळक "खाली" असं लिहा. हे एका शब्दाचं काम पुढचा मोठा घोटाळा वाचवतं.

लाकडी ठोकळा पातं आणि मशीनचा पत्रा यांच्यामध्ये अडकवा, म्हणजे पातं फिरणार नाही. बहुतेक मशीनचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सैल होतो. काहींचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावायच्या आधी माहितीपुस्तिका बघा. पाना नेहमी स्वतःकडे ओढा. लोटताना तो सटकला तर हात थेट धारेवर जातो.

बोल्ट हलत नसेल तर गंज सोडवणारं ऑइल टाका आणि अर्धा तास थांबा. पावसाळाभर पडवीत ओली ठेवलेली मशीन असेल तर रात्रभर थांबा. घणाचे घाव घालू नका, ते थेट दांड्याच्या बेअरिंगला बसतात.

बोल्ट, वायसर आणि पात्याखालचा होल्डर निघतील त्याच क्रमाने एका ताटलीत ओळीने ठेवा.

टप्पा ५: साफसफाई आणि निवाडा

पातं बाजूला ठेवून आधी मशीनचं पोट साफ करा. ओलं गवत तिथे थर धरून बसतं, कुजतं आणि पत्रा खातं. त्या थरामुळे हवाही नीट फिरत नाही. गवत उभं राहत नाही आणि धारदार पात्यालाही ते नीट कापता येत नाही. लाकडी पट्टीने खरवडा. विजेच्या मशीनवर पाण्याचा पाइप मारू नका.

मग तारेच्या ब्रशने पातं घासा आणि उजेडात आडवं धरून बघा. मी इथे घाई करत नाही, कारण पातं ठेवायचं की टाकायचं हे इथेच ठरतं.

पात्याच्या धारेच्या मागची कड वर वळलेली असते. ते पात्याचं पंख. फिरताना ते हवा ओढतं आणि गवत उभं करतं. सपाट भाग आणि पंख जिथे जुळतात तो सांधा नीट बघा. तिथे रेती घासून घासून पत्रा पातळ होतो. आपल्याकडे काळ्या मातीला भेगा पडू नयेत आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून लॉनवर कन्हानची रेती पसरतात. ती रेती पंखाबरोबर फिरते आणि सांध्यावर घासते. धार शाबूत आणि सांधा मात्र कागदासारखा, अशी पाती मी पाहिली आहेत. त्या पात्यांना नंतर तिथे चीर पडते आणि पंखाचा तुकडा उडतो.

पातं टाका, जर:

- पंखाचा सांधा मूळ जाडीच्या निम्म्यावर आला असेल,
- कुठेही तडा दिसत असेल, केसाएवढा का असेना,
- मधलं भोक लांबट झालं असेल,
- धारेवर इतकी खोल खाच असेल की ती घालवायला दोन्ही टोकांचं बरंच पोलाद घासावं लागेल.

लहान खाचा मात्र चालतात. सगळ्या खाचा पूर्ण घालवायच्या हट्टाने माणसं निम्मं पातं घासून टाकतात. दोन-तीन बारीक खाचा राहिल्या तरी गवत छान कापलं जातं.

टप्पा ६: धार लावणं

पातं व्हाइसमध्ये घट्ट पकडा, "खाली" लिहिलेली बाजू खाली ठेवून. धार दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या कडांवर, साधारण दोन-तीन इंच असते. संपूर्ण कड धारदार करायची नसते.

कारखान्यातून आलेला उतार तुम्हाला स्पष्ट दिसेल. बहुतेक पात्यांत तो ३० अंशांच्या आसपास असतो. कोन मोजत बसायची गरज नाही. कानस त्या उतारावर सपाट टेकवा, ती हलत नाही असं वाटलं की तोच कोन. कानस एकाच दिशेने चालवा, उताराकडून धारेच्या बाहेर. परत आणताना उचला. मागे-पुढे करवतीसारखी चालवली तर कानसेचे दात जातात.

फक्त उताराच्या वरच्या बाजूनेच घासायचं. खालची सपाट बाजू घासली की धारेचा कोन बदलतो. शेवटी खालच्या बाजूला उलटलेली बारीक कड बोटाला लागते. कानस तिथे सपाट ठेवून एक-दोनदा हलकेच फिरवली की ती निघते.

घासताना घाव मोजा. एका टोकाला ३० घाव दिले तर दुसऱ्यालाही ३०. तोलाचं निम्मं काम इथेच होतं.

> तपासा: धार किती हवी? सराट्याच्या (उलथण्याच्या) कडेहून बरीच तीक्ष्ण, विळीहून बोथट. विळीसारखी धार इथे टिकत नाही. एका शेजाऱ्यांनी सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडून पातं सुरीसारखं करून आणलं. कागद कापला जात होता, सगळे खूश. दोन वेळा लॉन कापल्यावर धार लाटेसारखी दुमडली होती, कारण मागे पोलादच उरलं नव्हतं. धारवाल्याकडे द्यायचं असेल तर त्याला सांगा: "उतार आहे तोच ठेवा, पातळ करू नका, दोन्हीकडून सारखंच घ्या."

ग्राइंडर असेल तर काम पाच मिनिटांचं, पण पातं बिघडायलाही तेवढाच वेळ लागतो. हलका हात ठेवा, एका जागी थांबू नका, आणि दर काही सेकंदांनी बोटाने तापमान पाहा. चटका बसायला लागला की थांबा, पातं निवू द्या. कडेवर निळी झाक आली तर त्या जागेचं पोलादाचं पाणी उतरलं. तिथली धार पुढे कधी टिकणार नाही. निळा भाग लहान असेल तर पातं निवल्यावर तो कानसेने पूर्ण घासून काढा. मोठा असेल तर पातं गेलं. नवख्याने कानसच वापरावी असं माझं मत आहे. २० मिनिटं जास्त लागतात, नुकसान मात्र होत नाही.

टप्पा ७: तोल

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच, आणि मशीन खरी मोडते ती इथल्या चुकीने.

एक साधा हिशेब करा. १८ इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २५८ किलोमीटर होतो. आता १० रुपयांचं नाणं घ्या, त्याचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पात्याच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर एका बाजूला तेवढं वजन जास्त असलं तर त्या वेगात ते दांड्याला सुमारे १५ किलोंच्या जोराने बाहेर ओढतं. ही ओढ सेकंदाला ५० वेळा दिशा बदलते. बेअरिंग किती दिवस टिकेल? ढकलायच्या दांड्यावर हाताला मुंग्या येतात, बोल्ट सैल होतात, आणि लोक म्हणतात मशीन जुनी झाली.

तोल पाहायला भिंतीत आडवा, सरळ खिळा ठोका. पात्याचं मधलं भोक त्यात अडकवा आणि पातं आडवं ठेवून हळूच सोडा. आडवंच राहिलं तर ठीक. एक बाजू खाली गेली तर ती जड. त्या बाजूच्या धारेच्या उतारावर कानसेचे आणखी पाच-सहा घाव द्या आणि पुन्हा लावून पाहा. पंख किंवा मधला भाग वजन कमी करायला घासू नका, मजबुती तिथेच असते.

खिळा नीट नसेल तर तो खोटं सांगतो, म्हणून दोन तपासण्या करा:

१. पातं खिळ्यावरून काढून दुसऱ्या तोंडाने लावा. जड बाजू तीच राहायला हवी. बदलली तर खिळा वाकडा आहे किंवा भोकाला घासतो आहे.

२. तोल जमला असं वाटलं की एका टोकावर रुपयाचं नाणं टेपने चिकटवा. ते टोक लगेच खाली जायला हवं. गेलं नाही तर घर्षण जास्त आहे, आणि तुमचा "जमलेला" तोल खरा नाही. बारीक, गुळगुळीत खिळा लावून पुन्हा पाहा.

मागच्या पावसाळ्यात मनीषनगरहून एक माळी मशीन घेऊन आला. म्हणाला, "काकाजी, धार तर बराबर लावली, मंग काहून एवढी थरथरून राहिली?" पातं काढून खिळ्यावर लावलं तर एक टोक थेट खाली आलं आणि भिंतीला घासत थांबलं. त्याने एकाच बाजूला खाच होती म्हणून तेवढीच बाजू घासली होती. दुसऱ्या बाजूला हात लावलाच नव्हता. पाऊण तास कानस चालवून तोल आणला, पण तोवर बेअरिंगचा आवाज सुरू झाला होता. तो खर्च वाचला असता.

टप्पा ८: पातं पुन्हा बसवणं

फोटो समोर ठेवा. होल्डर आणि दांड्याची बैठक कापडाने पुसा. मातीचा एक खडा राहिला तरी पातं तिरकं बसतं.

"खाली" लिहिलेली बाजू जमिनीकडे. पंख नेहमी वर, मशीनच्या पोटाकडे. पातं ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला धारेची कड पुढे यायला हवी. उलटं बसलेलं पातं फिरतं, आवाज करतं, गवत वाकवतं, पण कापत नाही. "धार लावूनही कापत नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या मशीनमध्ये मी सर्वांत आधी हेच बघतो.

आता ठोकळा उलट्या बाजूला अडकवा आणि बोल्ट कसा. किती कसायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच पेट्रोल मशीनमध्ये ते साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटर असतं, लहान विजेच्या मशीनमध्ये बरंच कमी. टॉर्क पाना मेकॅनिककडे असतो, एकदा त्याच्याकडून कसून घेऊन तो जोर हाताला ओळखीचा करून घ्या. आट्यांना ऑइल माखून कसू नका. ऑइलमुळे बोल्ट हाताला कळण्यापेक्षा जास्त कसला जातो आणि आटे सुटतात. वायसर चपटा झाला असेल तर नवा घाला, तो पाच-दहा रुपयांचा असतो.

> तपासा: ठोकळा काढला का? पाना काढला का? पातं हाताने हळू फिरवून एक पूर्ण फेरा घ्या. कुठे घासतंय का, हे ऐका. टप्पा ३ मधलं माप पुन्हा घ्या.

टप्पा ९: पहिली चालवणी

मशीन सरळ करा. पेट्रोलवाली असेल तर पाच मिनिटं तशीच उभी राहू द्या, म्हणजे ऑइल खाली उतरेल. मगच प्लगची टोपी लावा. गवत नसलेल्या सपाट जागेवर, पोरंसोरं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवून अर्धा मिनिट चालवा. थरथर आधीपेक्षा जास्त वाटली तर लगेच बंद करा आणि टप्पा ७ वर परत जा. "थोडी चालली की बसेल" असं होत नाही.

मग बंद करून, पिन काढून, बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.

रिळाची हातमशीन

या मशीनच्या रिळाच्या पात्यांना कानस लावायची नाही. सगळी पाती मिळून एक अचूक गोल बनवतात. एकाला हात लावला की तो गोल मोडतो आणि गवतात पट्टे उमटतात.

१. रीळ आणि खालचं पातं ब्रशने साफ करा. गंज असेल तर ऑइल लावून ठेवा.

२. वर्तमानपत्राची पट्टी रीळ आणि खालच्या पात्याच्या मध्ये धरा आणि रीळ काठीने हळू फिरवा. बोटं रिळापासून लांब. पट्टी डाव्या टोकापासून उजव्यापर्यंत सगळीकडे कापली गेली पाहिजे.

३. एका बाजूला कापत नसेल तर त्या बाजूचा जुळवणीचा स्क्रू पाव फेरा फिरवा. पुन्हा पट्टी लावून पाहा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. रीळ खालच्या पात्याला नुसतं स्पर्शून जायला हवं, दाबायला नको. फार घट्ट केलं तर ढकलताना मशीन जड होते आणि दोन्ही कडा लवकर गोल होतात.

निम्म्याहून जास्त वेळा धार गेलेली नसते, फक्त ही जुळवणी सरकलेली असते. म्हणून पुढचं पाऊल जुळवणी नीट होऊनही कागद फाटत राहिला तरच उचला.

४. ऑटो पार्ट्सच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते. एका बाजूचं चाक आणि त्यातला छोटा गिअर काढा, निघताना त्यांचा क्रम लक्षात ठेवा. पेस्ट रिळाच्या कडांना ब्रशने लावा आणि रिळाच्या दांड्याला फिरवायचं हँडल जोडून रीळ उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे कापताना फिरतं त्याच्या विरुद्ध. पाच-सात मिनिटांत घासण्याचा आवाज सगळीकडे एकसारखा होतो.

५. पेस्ट पूर्ण धुऊन काढा. थोडीही राहिली तर ती बेअरिंग आणि कडा घासत राहते. पुसून ऑइल लावा, गिअर आणि चाक बसवा, जुळवणी पुन्हा कागदाने तपासा.

किती वेळाने?

पुस्तिकांत साधारण २० ते २५ तासांच्या वापरानंतर धार लावा असं असतं. हजार चौरस फुटांचं लॉन आठवड्याला अर्धा तास कापलं तर ते वर्षभरातून एकदा होईल. नागपुरात एवढ्यावर भागत नाही. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या लेआउटमध्ये भरावाचा मुरूम आणि गिट्टी गवताखालीच असते, पहिल्या पावसानंतर ती वर दिसू लागते. एका गिट्टीवर पातं आपटलं की धार गेली. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांत गिट्टी कमी, पण मोठ्या झाडांची वर आलेली मुळं असतात.

म्हणून तासांवर न जाता मी तीन वेळा ठरवल्या आहेत. पहिली जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, कारण पुढचे तीन महिने हरळी झपाट्याने वाढते आणि ओलं गवत बोथट पात्याला सर्वांत जास्त ओरबाडायला लावतं. दुसरी पोळ्याच्या सुमारास. तिसरी खंडेनवमीला, नाहीतरी त्या दिवशी आपण अवजारं पुसून पूजेला लावतोच. त्याच हाताने मशीनचं पोट खरवडा आणि पात्यावर ऑइलचा हात फिरवा. थंडीत वाढ मंदावली की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते तसंच राहू शकतं.

सोसायट्यांमध्ये रोज तीन-चार तास मशीन चालवणाऱ्या माळ्यांनी मात्र दर आठवड्याला पातं काढून पाहावं आणि दोन पाती आळीपाळीने वापरावीत. मध्ये दगड लागला तर तारीख बघू नका, त्याच दिवशी काढा. आणि प्रत्येक वेळी कापायच्या आधी लॉनवर एक फेरी मारून खडे, फांद्या, पोरांची खेळणी उचला.

दुसरं पातं घेताना जुनं सोबत न्या. लांबी, मधल्या भोकाचं माप आणि आकार, होल्डरच्या खुंट्यांची भोकं, तिन्ही जुळली पाहिजेत. अर्धा इंच लांब पातं "बसतंय" म्हणून घेऊ नका, ते पत्र्याला लागतं.

जुनं पातं भंगारात देताना दोन्ही टोकांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा. भंगारवाला ते उघड्या हाताने पोत्यात टाकतो.